तो राजीनामा लिहून घेऊ नका

प्रश्न : भोसरीत माझा पुठ्ठ्याचे बॉक्स छापण्याचा कारखाना आहे. माणसं 14. 7 महिन्यांपूर्वी घेतलेली डिझायनर आता 5 महिन्यांची गरोदर आहे, पहिलंच बाळ. पगार 30,000. 26 आठवडे पगारी रजा मला झेपणारी नाही. आत्ता राजीनामा घेऊन बाळंतपणानंतर तिला परत घेतलं तर चालेल का? मसुदा जोडला आहे.

उत्तर : मसुदा वाचला. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आधीच टाइप केलेत आणि तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवलीये. हा कागद तिच्यापुढे ठेवू नका. उद्या तक्रार झाली तर हे ‘वैयक्तिक कारण’ कोणतं, ते तिच्या सोनोग्राफीच्या तारखाच सांगतील. शिवाय गरोदरपणात कामावरून काढलं तरी बाईचा प्रसूती लाभ बुडत नाही. म्हणजे हाताखालचं माणूस जाईल, पैसे द्यावे लागतीलच, आणि वर खटला. शिक्षा कैदेपर्यंत जाऊ शकते.

‘आत्ताच तर लागली’ हा मुद्दाही टिकत नाही. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात हेच होतं, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आहे.

आता तुमच्या बाजूचं. तुमची अडचण खरी आहे, आणि मला ती मनापासून पटते. तुमच्याच कारखान्यात पॅकिंगला असलेली, 21,000 पर्यंत पगाराची बाई गरोदर राहिली, तर अटी पुऱ्या होताच तिच्या रजेचे पैसे ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, देते. डिझायनरचा पगार त्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून सगळा भार एकट्या तुमच्यावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा करार म्हणतो की हा खर्च एकट्या मालकावर टाकू नये, तो विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. तुमचं भांडण या व्यवस्थेशी आहे. ते जरूर मांडा, तुमच्या उद्योजक संघटनेतून सरकारकडे न्या. पण त्याची वसुली पोटुशी बाईकडून करू नका.

पैशांचं गणित आजच मांडा, कारण खरी कोंडी तिथे होते. दिवसाला 1,000 धरले तर 182 दिवसांचे 1,82,000. ते महिन्याच्या महिन्याला वाटून देता येत नाहीत. बाळंतपणाआधीच्या रजेचे पैसे आगाऊ द्यायचे, उरलेले जन्माचा दाखला दिल्यावर 48 तासांत. तिनं आधी 8 आठवडे घेतले, तर नंतरचे 1,26,000 एकरकमी लागतील. अजून 4 महिने हातात आहेत. रक्कम बाजूला टाकायला लागा.

तिच्याशी बोला. रजा कधीपासून घ्यायची ते ती ठरवेल (आधी जास्तीत जास्त 8 आठवडे), पण तारीख लवकर कळवलीस तर बदली माणूस शोधता येईल, असं मोकळेपणानं सांगा. डाय-लाइनच्या (बॉक्स कापायच्या-दुमडायच्या आराखड्यांच्या) फायली, गिऱ्हाईकांचे रंगांचे नमुने रजेआधीच लावून घ्या. रजेत तिला काम पाठवू नका. रजा संपल्यावर काही दिवस घरून काम दोघांना जमणार असेल तर कायद्यात त्याला वाव आहे, आणि डिझाइनचं काम घरून होण्यासारखं आहे.