एकट्याने सायन्स फिक्शन रोलप्लेइंग खेळणं म्हणजे स्वतःलाच फसवणं नाही का? सुरुवात कुठून करावी?

'स्वतःलाच फसवणं' वाचलं आणि झोप उडाली. माझा आतेभाऊ अगदी हेच म्हणतो.

मी चोपडा तालुक्यातला, केळीवाला. शेतीची थ्री फेज लाइट रात्रपाळीला आली की ठिबक चालू करून मोटारीपाशी बसावं लागतं. एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायला टेबलाभोवती बसणारी चार माणसं इथे तुम्हीच जमवून दाखवा. माझ्याकडे एक वही, लुडोचा फासा आणि स्टीलच्या डब्यात 1 ते 10 आकडे घातलेले दहा चिंचोके. दहा बाजूंचे फासे मागवायचे राहूनच गेले.

नियम आयर्नस्वॉर्न नावाच्या, एकट्यालाही खेळता येणाऱ्या रोलप्लेइंग खेळाचे. फाशाच्या आकड्यात आपल्या पात्राचा गुण मिळवायचा आणि समोर दोन चिंचोके काढायचे. दोन्हींच्या वर गेलात तर फत्ते, एकाच्याच वर गेलात तर अर्धवट, नाहीतर फसलात. बरोबरीत तुम्ही हरता. दोन्ही आकडे सारखे आले तर गोष्टीला भलतंच वळण, म्हणून पहिला चिंचोका परत टाकूनच दुसरा काढायचा.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी पत्त्यांचा डाव रंगला होता. आतेभाऊ तिथे पैसे हरून शेतात आला. तो पुण्यात दर रविवारी पाच जणांचा खेळ चालवतो, त्यामुळे गोष्ट चालवणारा गेम मास्टर नसेल तर तो खेळच नाही असं त्याचं ठाम मत. माझ्या खेळातलं जहाज अंतराळात बर्फ वाहणारं. हाताखालचा पोरगा बाहेर पत्रा सांधायला गेलेला आणि दार अडकलेलं. मी वहीत लिहिलं, 'दार उघडतं का? जवळजवळ नक्की.' म्हणजे शंभरात 90 वेळा हो. चिंचोके काढले. नाही.

"परत काढ ना भो, कोन देखी ऱ्हायना?"

नाही काढले. त्याच्या आदल्या वर्षी एकदा काढले होते. इंजिन फुटणार होतं, ते वाचवलं आणि त्या वहीत पुढे एक पानही लिहिलं गेलं नाही. हवं तेव्हा वाचवता येतंय म्हटल्यावर जीव कशात अडकणार? पोरगा बाहेरच राहिला. तसं लिहून मी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला गेलो.

परत येऊन बघतो तर हा डबा मांडीवर घेऊन बसलेला. डोळे मिटून हात घातला आणि 10 काढला. परत टाकला, परत 10. त्या चिंचोक्याला किड्यानं भोक पाडलं होतं. दहा म्हणजे माझ्या विरुद्ध जाणारा सगळ्यात मोठा आकडा, आणि माझी बोटं तो चुकवत होती की काय, कोण जाणे. तेवढं त्याचं खरं होतं.

पण हाच माणूस पडद्याआड फासे टाकतो आणि मित्राचं पात्र मरायला लागलं की आकडा कमी सांगतो. हे मला त्यानंच सांगितलंय, वर हसत. पाच जणांदेखत फसवणारा मला शिकवणार! उत्तर काय येऊ शकतं हे आधी लिहा, मग फासा टाका, आला तो आकडा गिळा. एकट्याच्या खेळात दुसरा माणूस असतो तो एवढाच.

सुरुवातीला 2018 चं आयर्नस्वॉर्न घ्या, पीडीएफ फुकट आहे. त्याचं अंतराळातलं भावंड स्टारफोर्ज्ड, 2022 चं. 1977 च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्याच खेळाच्या पुस्तकातच एकट्याने खेळण्याचा प्रकार दिलाय. त्यात एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडच्या एका उडीला साधारण आठवडा लागतो आणि जहाजापेक्षा जलद बातमी जात नाही. एकट्याला हे फार सोयीचं, बंदरावर उतरेपर्यंत काय झालंय ते आपल्यालाही ठाऊक नसतं. मात्र त्या आवृत्तीत पात्र तयार होता होताच मरू शकतं. माझी तीन गेली.

हे सगळं इंग्रजीत आहे. तक्ते मी वहीच्या मागे मराठीत उतरवलेत. आणि चार जणांचा आरडाओरडा हवा असेल तर ते सुख यात नाही, ते पुण्यातच. एकट्याने खेळणाऱ्यांचं मिथिक नावाचं आणखी एक पुस्तक आहे, ते मी खेळलेलो नाही.

या आखाजीला तो परत येतोय. एका मापाचे नवे चिंचोके निवडून ठेवलेत. डबा त्याच्याच हातात देणार.