४९८ आणि ४७१ : दोन मशीनचे आकडे एकमेकांतून वजा करू नका

भाऊ, पोरीच्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी यवतमाळच्या कागदावर ४९८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), दोन महिन्यांनी नागपूरच्या कागदावर ४७१, म्हणजे कॉर्निया २७ मायक्रॉन झिजला, असा हिशोब तुम्ही मांडलाय. तो धरू नका. आमच्या पोराच्या वेळी एका डोळे तपासणी केंद्रातल्या माणसांनीच असा दोन मशीनचा हिशोब मांडला होता, म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) असलेल्या मुलाची आई म्हणून जे कळलं तेवढंच सांगते. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा.

यवतमाळला बधिर करायचे थेंब टाकून पेनासारखी काडी टेकवली म्हणता, ती अल्ट्रासाऊंड पॅकिमेट्री. काडी टेकते तिथलीच जाडी ती सांगते, आणि टेकवतात साधारण मधोमध. नागपूरला झालं ते पेंटाकॅम. त्यात निळ्या प्रकाशाची पट्टी आणि कॅमेरा डोळ्यासमोर गोल फिरतात, दोनेक सेकंदांत कॉर्नियाचे काप टिपले जातात आणि पुढची बाजू, मागची बाजू, सगळीकडची जाडी निघते. त्या कागदावरचे ४७१ बहुधा ‘थिनेस्ट’च्या ओळीतले असावेत, म्हणजे सगळ्यात पातळ जागेचे. केराटोकोनसमध्ये ती जागा मधोमध नसते, बहुतेकांची खाली आणि कानाच्या बाजूला सरकलेली असते. ‘प्यूपिल सेंटर’ची जाडी त्याच कागदावर वेगळी छापलेली असते, ती बघा. तीही ४९८ शी तंतोतंत जुळेल असं नाही, कारण पद्धतच वेगळी.

‘पहिली टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) नॉर्मल, मग हे कुठून आलं?’ असं तुम्ही विचारलंय. वर्तुळं दाखवणारं मशीन असेल तर ते प्लॅसिडो. डोळ्यावरच्या पाण्याच्या थरात वर्तुळांचं प्रतिबिंब कसं पडतं तेवढं ते बघतं. मागची बाजू त्याला दिसत नाही, आणि सुरुवातीचा केराटोकोनस कधी कधी मागच्या बाजूलाच आधी दिसतो. उलट डोळा कोरडा असला तर चांगल्या डोळ्याचीही वर्तुळं वाकडी येतात. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीशी बसून गेला असाल तर आधी थोडा वेळ बसू द्या, पापण्या मिटू-उघडू द्या, मग तपासा म्हणा.

आता ज्याचा मला अजून राग येतो ते. त्या केंद्रात पहिली तपासणी जुन्या मशीनवर झाली, पुढच्या वेळी मशीन नवीन. दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘फार फरक नाही, सहा महिन्यांनी या’ म्हणून पाठवलं. दोघांच्या रंगांची पट्टीसुद्धा वेगळी होती. पट्टी बदलली की तोच डोळा एका कागदावर हिरवा आणि दुसऱ्यावर लाल दिसतो. दुसरीकडे दाखवायचं ठरवलं तेव्हा जुना डेटा मागितला, तर ‘बाहेर देत नाही’. हातात आलं एकच रंगीत पान, त्यावर आकडे अर्धवट. नव्या डॉक्टरांना तुलनेला काहीच नव्हतं, पहिल्यापासून मोजमाप सुरू करावं लागलं. तेवढ्या काळात डाव्या डोळ्याची जाडी ४०० च्या खाली गेली. क्रॉसलिंकिंग म्हणजे थेंब आणि अतिनील प्रकाशाने कॉर्निया घट्ट करून वाढ थांबवायचा उपचार. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत वरची साल काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन उरावे लागतात. म्हणजे जो डोळा वेळेवर थांबवता आला असता, त्याच्यासाठी वेगळी वाट शोधावी लागली. रुग्णाचा स्कॅन रुग्णाला न देणं हा अन्यायच आहे, माझं ठाम मत.

म्हणून भाऊ, नागपूरचा स्कॅन हीच सुरुवात धरा आणि पुढचे सगळे त्याच मशीनवर करा, भाडं पडलं तरी. एकाच बैठकीत दोन-तीन वेळा स्कॅन घ्यायला सांगा, कारण वाढलेल्या केराटोकोनसमध्ये एकाच दिवशीचे आकडेही हलतात. कागदावर ‘क्यूएस’समोर (स्कॅन नीट आला का ते सांगणारी ओळ) ‘ओके’ असायला हवं. ‘के मॅक्स’, म्हणजे कॉर्नियाच्या सगळ्यात जास्त वक्र जागेचा आकडा, वर्षभरात १ डायॉप्टरने वाढला तर डॉक्टर बहुधा वाढ मानतात, पण पोरगी १७ ची आहे, या वयात केराटोकोनस झपाट्याने पुढे जाऊ शकतो. वर्षभर थांबू नका, तीन-चार महिन्यांनी यायचं का ते विचारा. सॉफ्ट लेन्स वापरत असेल तर एक-दोन आठवडे आधी बंद, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त, किती ते डॉक्टरांना विचारून. काडी टेकवायची तपासणी किंवा बाहुली मोठी करायचे थेंब स्कॅननंतरच.

ओसीटी (प्रकाशाने कॉर्नियाचे थर दाखवणारा स्कॅन) करावं का, तर माझ्या मते तुमच्या टप्प्यावर त्यासाठी मुंबईपर्यंत धावायची गरज नाही. त्यात वरची साल वेगळी मोजता येते, डाग पडलेल्या कॉर्नियातही ते बरं दिसतं. डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर करा.

आणि पोरगी डोळे चोळते का? कापूस वेचणीच्या दिवसांत आमचा सारखा चोळायचा. खाज येत असेल तर ॲलर्जीचा इलाज आधी सुरू करा, तेही डॉक्टरांकडून. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नका. नागपूरच्या कागदाचे सगळे नकाशे पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसतं पहिलं पान नको.