फक्त उतार पाहून दरडींचा धोका-नकाशा बनवता येतो का?

तुम्ही विचारलंय की क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या संगणक-प्रणालीत उंचीचा डेटा घेऊन ३० अंशांहून जास्त उतार लाल रंगवला, तर तो दरडींचा धोका-नकाशा म्हणून तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना देता येईल का. कृपया देऊ नका. सह्याद्रीत असा नकाशा लोकांना भलत्याच ठिकाणी निर्धास्त करतो.

आपले उभे कडे म्हणजे उघडा कातळ. तिथून धोंडे सुटतात. पण वाडी गाडणारी दरड बहुतेक वेळा सुटते ती कड्याखालच्या उतारावरून, जिथे कातळावर माती-मुरमाचा जाड थर साचलेला असतो. संततधारेत पाणी त्या थरात मुरतं, खालच्या कातळावर अडतं आणि मग सगळा थर चिखल होऊन वाहत सुटतो. तो पसरतो खाली, उतार मंदावतो तिथे. वस्तीही नेमकी तिथेच असते, कारण घराला आणि भातखाचरांना बरी जागा तेवढीच. तुमच्या नकाशात ती जागा हिरवी दिसेल.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: माती कुठून सुटेल आणि सुटली तर कुठवर जाईल.

पहिल्या प्रश्नासाठी आधी जुन्या दरडींची नोंद हवी. जुलै २०२१ च्या पावसात महाड, पाटण भागात खूप दरडी कोसळल्या, तळीयेची त्यातलीच. पावसाळा सरल्यावरची सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची (एक ठिपका म्हणजे १० मीटर जमीन) चित्रं आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यातल्या चित्रांशेजारी ठेवा; हिरव्या रानातले तपकिरी ओरखडे लगेच दिसतात. इथे एक काळजी घ्या. ओरखड्याचा माथा आणि खालचा ढिगारा वेगवेगळे आखा. पुष्कळ जण अख्खा ओरखडा एकत्र आखतात आणि त्याच्या मध्यबिंदूवरचा उतार घेतात. मग माती जिथून सुटली तिथला उतार हाती लागतच नाही, आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

उंचीचा ३० मीटरचा डेटा बहुधा अक्षांश-रेखांशात मिळतो. तसाच उतार काढलात तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते, आणि जवळजवळ सगळा तालुका उभा कडा दिसतो. आधी तो यूटीएम ४३ उत्तर विभागात, म्हणजे आडवं अंतरही मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणा. शिवाय ३० मीटरची एक चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर जमीन. रस्त्यासाठी डोंगर कापून केलेली सात-आठ मीटरची भिंत त्यात दिसतही नाही. रस्त्याची कटाई, घरामागचं खोदकाम, उतारावर नव्याने पाडलेली खाचरं हे पायी फिरून, जीपीएसवर नोंदवावं लागतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: भेगा कुठे पडल्या, झऱ्याचं पाणी कधी गढूळ झालं. मला या नोंदी उपग्रहाच्या चित्राइतक्याच मोलाच्या वाटतात.

मग उतार, उतार खोलगट आहे की फुगीर, ओढ्यापासूनचं अंतर, खडक, जमिनीचा वापर असे नकाशाचे थर घ्या आणि प्रत्येकाचे वर्ग पाडा. गुण मनाने देऊ नका. प्रत्येक वर्गात तालुक्याच्या एकूण दरडींपैकी किती टक्के आणि क्षेत्रापैकी किती टक्के, हे गुणोत्तर काढा; तोच त्या वर्गाचा गुण. तपासणीसाठी एखाद्या खोऱ्यातल्या दरडी पूर्ण बाजूला ठेवा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० मापाचे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत. आधाराला ते जरूर घ्या, पण त्यातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. घर सुरक्षित आहे का, हे त्यावरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न बहुतेक नकाशे सोडूनच देतात, आणि माझा खरा आग्रह त्याचाच आहे. दरडीचा माथा आणि ढिगाऱ्याचं शेवटचं टोक जोडणाऱ्या रेषेचा आडव्याशी होणारा कोन तुमच्याच ओरखड्यांवरून मोजा. मग तो कोन धरून सागा जीआयएस या दुसऱ्या नकाशा-प्रणालीतल्या प्रवाहमार्गाच्या साधनाने प्रत्येक धोकादायक उतारावरून माती कुठवर पोचेल ते खाली उतरवत न्या.

त्यावर घरं टाका, घरंच. जनगणनेचा गावबिंदू चालणार नाही. तो मूळ गावावर असतो आणि वाड्या वर डोंगरात. १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपवर छपरं आखलेली नसतील तर उपग्रहचित्रावरून स्वतः आखा, एकही सोडू नका, आणि ग्रामपंचायतीला नकाशा देताना प्रवाहमार्गातल्या घरांची वाडीवार यादी सोबत द्या.