दाराला लावलेली पुली आधी सोडा, व्यायाम सोडू नका

तुमचा प्रश्न असा आहे: बाबांना स्ट्रोक होऊन अडीच महिने झाले, डावी बाजू गेली होती, आता धरून चालवलं तर चार पावलं टाकतात. पण डावा खांदा इतका दुखतो की हात लावू देत नाहीत. दाराला पुली बांधून, चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात वर न्यायचा व्यायाम रोज चालू आहे. तो वाढवावा की बंद करावा?

पुली आजच सोडा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बरेचसे रुग्ण अर्धांगवायूचेच असतात, म्हणून इतकं ठामपणे सांगतो.

खांद्याची खोबण फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा बसतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. स्ट्रोकनंतर हे स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो. खांद्याच्या वरच्या टोकाखाली बोटभर खळगा लागतो, तो याचाच. शिवाय हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण एक तृतीयांश हालचाल पाठीवरच्या फऱ्याची असते आणि दंड बाहेरच्या बाजूला वळतो. दोरीने ओढलेल्या हातात यातलं काहीच नीट घडत नाही. फरा जागेवर राहतो, दंड वळत नाही, आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या मधल्या दोऱ्या (टेंडन) दोन हाडांत चिमटतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुली वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांना खांदेदुखी झाली; थेरपिस्टने हाताने व्यायाम दिलेल्यांत हेच प्रमाण ८ टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही डोक्यावरून ओढायच्या पुलीचा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी आपल्याकडे शेजारीपाजारी पहिला सल्ला पुलीचाच देतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरचे मनापासून कष्ट घेतात आणि रुग्ण व्यायामाच्या नावानेच घाबरायला लागतो.

त्याऐवजी बाबांना उताणं झोपवा. तुमचा एक हात त्यांच्या फऱ्याखाली, दुसऱ्या हाताने कोपर आणि मनगटाला आधार. तळवा छताकडे, अंगठा बाहेरच्या बाजूला ठेवून हात सावकाश उचला. सध्या खांद्याच्या रेषेपर्यंत पुरे, आणि त्याआधी दुखलं तर तिथेच थांबा. कळ सोसून हात लवकर मोकळा होत नाही. पहिल्यांदा हे फिजिओसमोर करून बघा.

आता पुलीइतकीच महत्त्वाची गोष्ट. बाबांना उठवताना कोण कुठे धरतं, ते बघा. काखेत हात घालून किंवा दुखरा हात ओढून उठवत असाल तर व्यायामाने मिळवलेलं सगळं तिथे जातं. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. सदरा घालताना आधी डावी बाही, काढताना ती शेवटी. बसल्यावर हात मांडीवरून लोंबू देऊ नका, खाली उशी द्या. डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांचं त्या बाजूकडे लक्षच नसतं. हात खुर्चीखाली लटकतोय किंवा व्हीलचेअरच्या चाकाशी गेलाय हे त्यांना कळत नाही. झोळी उभं राहताना आणि चालताना वापरा. दिवसभर गळ्यात ठेवली तर कोपर आखडतं.

गरम पाण्याची पिशवी लावत असाल तर फार जपा. त्या बाजूची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही. जोराची मालिश नको. आणि पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर तिला चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी झालेली असू शकते.

पंजा सुजलाय का, कातडी चकचकीत किंवा गरम लागते का, बोटं वाकवताना कळ येते का? तसं असेल तर हे नुसतं खांद्याचं दुखणं नसावं. त्यावर वेळीच औषध सुरू झालं तर उपयोग होतो. काही वेळा थोड्या दिवसांसाठी स्टेरॉईडच्या गोळ्या देतात. मधुमेह असेल तर साखर वाढते, तेव्हा ते आधीच सांगा.

हात सैल न राहता आता छातीकडे ओढला जात असेल, तर स्नायूंचा ताठरपणा आला आहे. त्यावर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन मिळतं. त्याचा परिणाम साधारण तीन महिने राहतो आणि त्या काळात व्यायाम केला तरच पैसे सार्थकी लागतात. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील तर झोप येणं, गळून जाणं होऊ शकतं. पण म्हणून त्या मनाने एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्या तर भास होऊ शकतात, फिटसुद्धा येऊ शकते. डोस हळूहळू कमी करायचा असतो, आणि तोही डॉक्टरांना विचारूनच.

दुखणं या बदलांनी एक-दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर न्यूरोलॉजिस्टना किंवा रिहॅबच्या डॉक्टरांना खांदा प्रत्यक्ष तपासायला सांगा. जाताना पुलीबद्दल आणि बाबांना उठवायच्या पद्धतीबद्दल आवर्जून सांगा, कारण घरी काय चालतं ते फाईलमध्ये लिहिलेलं नसतं.