हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा ज्वालामुखी पहिल्यांदाच चढताय?

माफात या बेटावरच्या डोंगरांनी वेढलेल्या दरीतल्या मुक्कामी ट्रेकचा हट्ट सध्या सोडा. तिथे गाडीरस्ताच नाही, पाय मोडला तर हेलिकॉप्टर. आधी पितों द ला फुर्नेज, म्हणजे हा ज्वालामुखी करा. उंची २,६३२ मीटर असली तरी सुरुवात पा द बेलकोंब या कड्यावरच्या ठिकाणापासून, म्हणजे बरीच वरून होते; आधी कडा उतरायचा, मग चढायचं. पहाटेच निघा. उशीर केलात तर ढग येतात, आणि काळ्या लाव्यावर चारी दिशा सारख्याच दिसतात. खडकांवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा सोडू नका. शॉर्टकट तर नकोच, वरचं कवच खालून पोकळ असू शकतं. पाणी, सावली काही नाही. तीन लिटर सोबत घ्या. बूट जाड तळव्याचे हवेत, हा खडक कानशीसारखा घासतो. उद्रेकाची चिन्हं दिसली की कड्यावरून खाली उतरायचं फाटक बंद करतात. ते ओलांडणाऱ्यांच्या नादी लागू नका. परतताना कड्याच्या पायऱ्या शेवटी चढायच्यात, दम राखून ठेवा.