बुडबुड्यांवर कर, साखरेला सूट

प्रश्न (कोथरूडमधील वाचक): बर्गर-पिझ्झावर जबर कर लावला तर लठ्ठपणा कमी होईल का? की वडापाववाल्याच्याच पोटावर पाय येईल?

उत्तर: वडापाववाल्याची काळजी आधी मिटवू. खाद्यसेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणीच लागत नाही. वडापाव 15 रुपयांना धरला, तर हे रोज साडेतीनशेहून जास्त नग झाले. म्हणजे कर लागेल तो पाटी लावलेल्या दुकानाला. तळण मात्र दोन्हीकडे तेच.

केरळने 2016 मध्ये नेमकं हेच केलं. ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर, पिझ्झा, पास्त्यावर 14.5 टक्के कर बसवला. शेजारच्या हॉटेलातला परोटा सुटला. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. आता दर जीएसटी परिषद ठरवते, त्यामुळे एकट्या महाराष्ट्राने मनात आणलं तरी विक्रीवर असा वेगळा कर बसवता येत नाही.

डेन्मार्कने दुकानाऐवजी चरबी धरली. ऑक्टोबर 2011 पासून संपृक्त चरबीच्या दर किलोला 16 क्रोनर. लोणी, चीज, मांस, सगळंच महागलं, लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदीला जाऊ लागले आणि जानेवारी 2013 मध्ये सरकारने कर गुंडाळला.

मेक्सिकोने 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे 1 पेसो आकारला. पहिल्या वर्षी त्यांची खरेदी साधारण 6 टक्क्यांनी घटली. खरेदी घटली म्हणजे वजन घटलं असं नव्हे, हे मात्र कराचे समर्थक सांगायला विसरतात.

आमच्या मते शिकायचं ते ब्रिटनकडून. तिथे एप्रिल 2018 पासून 100 मिली पेयात 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य कर; सुरुवातीला 5 ते 8 ग्रॅमच्या आत असेल तर लिटरमागे 18 पेन्स आणि 8 किंवा त्याहून जास्त असेल तर 24 असे दर होते. घोषणा दोन वर्षं आधी झाली होती, तेवढ्यात बऱ्याच कंपन्यांनी साखर 5 च्या खाली आणली. गिऱ्हाइकाला उपदेश करावाच लागला नाही, पाककृतीच बदलली.

आपल्याकडे उलटंच. 22 सप्टेंबर 2025 पासून कोलावर 40 टक्के जीएसटी आहे, आणि बिनसाखरेच्या कोलावरही तेवढाच. फळांच्या रसाच्या, बुडबुडे नसलेल्या पेयांवर मात्र 5 टक्के, मग त्यात साखर कितीही ओतलेली असो. नमकीन आणि इन्स्टंट नूडल्सही 5 टक्क्यांतच. साखर कमी करून कंपनीला करात एक पैसाही वाचत नसेल, तर ती कशाला कमी करेल?

प्रश्न (हडपसर): शाळेच्या फाटकासमोरच चिप्स-कोला विकतात. कर येईल तेव्हा येईल, आत्ता काय करता येईल?

उत्तर: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकता येत नाहीत. 50 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 65 ते 70 पावलं. आधी चालून मोजा. मग दुकानाचं नाव, अंतर, विकले जाणारे पदार्थ आणि फोटो असा अर्ज मुख्याध्यापकांना द्या, प्रत अन्न व औषध प्रशासनाला. ‘जंक फूड विकतात’ एवढंच लिहिलेला अर्ज सहसा फाइलीतच राहतो.

प्रश्न (सिंहगड रस्ता): बाटलीतली साखर चमच्यांत कशी मोजायची?

उत्तर: बाटलीमागे छापलेल्या तक्त्यात 100 मिलीच्या रकान्यातला साखरेचा आकडा घ्या, बाटलीच्या मिलीने गुणा, 100 ने भागा. आलेल्या ग्रॅमना 5 ने भागलं की चहाचे चमचे. आकडा 13 आणि बाटली 600 मिलीची असेल तर 78 ग्रॅम, साडेपंधरा चमचे. चूक होते ती ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना वाचल्याने: तो 200 मिलीचा असू शकतो, आणि पोरगं बाटली संपवतं.