फ्रान्समधली कोर्नास वाइन खरंच इतकी रांगडी असते का?

तरुणपणी हो, पण दहा-बारा वर्षं मुरलेली कोर्नास पुष्कळ मवाळ होते. ऱ्होन नदीच्या उजव्या काठावरचा, व्हालाँस शहरासमोरचा हा पट्टा जेमतेम दीडशे हेक्टरच्या आसपास. १९३८ पासूनच्या नियमानुसार इथे फक्त रेड बनते, आणि तीही शंभर टक्के सिरा द्राक्षाची (नाशिककडे आपण शिराझ म्हणतो तेच). याच उत्तर ऱ्होन भागातल्या एर्मिताज आणि कोत-रोती या रेड वाइनना थोडी पांढरी द्राक्षं मिसळायची मुभा आहे, कोर्नासला नाही. त्यात ग्रॅनाइटचे उभे, उन्हात तापणारे उतार आणि मिस्त्राल या उत्तरेकडच्या थंड वाऱ्यापासून आडोसा, म्हणून फळ लवकर आणि भरपूर पिकतं. ग्लासात रंग जवळजवळ शाईसारखा, वास काळ्या मिरीचा नि ऑलिव्हचा, आणि घोट घेतला की हिरड्या आवळून येतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या. ‘रांगडी’ हे नाव पडलं ते यामुळेच. मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका: काही उत्पादक आता देठ काढून द्राक्षं आंबवतात, त्यांची बाटली लवकर उघडली तरी चालते. जुन्या वळणाची असेल तर आधी दोन तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात ते काचेचं भांडं) ओतून ठेवा, सोबत मटण हवंच.